ई-तीन, दर सोमवारी आणि गुरुवारी

पहिल्यांदा तो आला तेव्हा मी ओव्हनच्या समोरच उभी होते. सव्वाअकरा व्हायला आले होते आणि आत लहान गोल पावांची दुसरी खेप नुकती रंग धरू लागली होती. ओव्हन तीनदा पीं पीं करून ओरडला, आतला दिवा विझला, पंखा थांबला आणि तापमानाच्या जागी लाल रंगात इंग्रजी ई आणि तिच्यापुढे तीनचा आकडा उभा राहिला.

सहा वर्षं मी घरी पाव भाजते. दोन गल्ल्या सोडून एक पाळणाघर आहे, तिथल्या मुलांच्या दुपारच्या खाण्याला रोज चाळीस पाव जातात. ते साडेबाराला पोचले नाहीत तर तिथे काय आरडाओरडा होतो ते मी एकदा पाहिलेलं आहे, पुन्हा पाहायची हौस नाही. त्यामुळे मी आधी मेन स्विच बंद केला, दहा मिनिटं थांबले आणि परत चालू केला. ओव्हन काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाला. पाव जरा चिवट झाले, पण मुलांनी खाल्ले. संध्याकाळी मी माहितीपुस्तिका शोधून काढली. ई-तीनपुढे एवढंच लिहिलं होतं, तापमान सेन्सरशी संपर्क तुटला आहे, तंत्रज्ञास बोलवा.

दोन-चार दिवस ठीक गेले म्हणून मी विसरून गेले. मग तो परत आला, आणि मग परत.

मेकॅनिक आमच्या ओळखीचाच होता. पन्नाशीचा, जाडजूड, गुडघ्यावर बसताना स्वतःच्याच गुडघ्यांना दोन शब्द सुनावणारा. त्याने ओव्हनचं दार उघडून आतल्या मागच्या भिंतीवरची पेन्सिलीएवढी धातूची कांडी बाहेर काढली. हीच सेन्सर, हिच्यावरून ओव्हनला आपण किती तापलोय ते कळतं, असं त्याने मला समजावलं. मीटरवर तपासली तर ती चांगली निघाली. तरी कशाला विषाची परीक्षा म्हणून त्याने नवी बसवली. नवी बसवल्यानंतरच्या सोमवारी ई-तीन हजर. मेकॅनिक दुसऱ्यांदा आला, अर्धा तास ओव्हन चालवून बघितला, ओव्हन एखाद्या शहाण्या मुलासारखा वागला. तिसऱ्यांदा तो आलाच नाही, फोनवरच निकाल दिला. आतलं कंट्रोल बोर्ड गेलंय, हे मॉडेल आता बनत नाही, बोर्ड मिळायचं नाही, तेव्हा वहिनी, आता नवा ओव्हन बघा.

मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. या ओव्हनची मला इतकी सवय होती की डावीकडचा मागचा कोपरा जास्त तापतो म्हणून मी ट्रे कधी फिरवते ते माझ्या हातांनाच ठाऊक होतं. तेवढ्यात मागून ताईंचा आवाज आला.

"पहिल्यांदा आला ती तारीख कोणती?"

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. छत्तीस वर्षं वेधशाळेत निरीक्षक होत्या. दर तीन तासांनी बाहेर जाऊन तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा, ढग किती आणि कोणते, हे सगळं वहीत उतरवायचं, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर एकटीने राहून बघितलं, जमलं नाही, आणि सात महिन्यांपूर्वी आमच्याकडे आल्या. माणूस अतिशय सज्जन, पण स्वयंपाकघराच्या गॅलरीत थर्मामीटर टांगून ठेवलेला आणि दिवसातून पाच वेळा मी कामात असताना माझ्या पाठीमागून तिकडे जाणं. मी ओव्हनचं दार उघडलं की विचारणार, आत्ता का उघडलंस? कणीक झाकली की विचारणार, ओल्या फडक्यानेच का? सांगून सांगून माझं तोंड दुखायचं. आम्ही भांडलो कधीच नाही. पण दोघीही आपापल्या जागी जपूनच होतो.

मी म्हटलं, तारीख कुठली लक्षात राहणार, असेल महिन्याभरापूर्वी.

"वेळ?"

"सकाळी. पाव आत असताना."

"पाव तर रोज आत असतात," त्या म्हणाल्या. "रोज येतो का?"

रोज येत नव्हता. आणि या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नाही हे लक्षात आल्यावर मला, खरं सांगायचं तर, त्यांचा रागच आला. महिनाभर त्या लाल आकड्याला शिव्या देऊनही तो कधी येतो हे मी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओव्हनच्या शेजारी एक वही आली. ताईंनी पट्टीने रकाने आखले होते. तारीख, ओव्हन चालू केल्याची वेळ, आत काय, किती अंशावर लावला, खोलीचं तापमान, हवेतली आर्द्रता, घरात आणखी काय काय चालू, आणि शेवटी ई-तीन आला की नाही. आला तर बरोबरची खूण, नाही आला तर शून्य. मी म्हटलं, नाही आला ते कशाला लिहायचं, आला की लिहू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाव न मळताच भाजायला निघाले आहे.

"काही घडलं नाही, हेसुद्धा लिहावं लागतं," त्या म्हणाल्या. "नाहीतर घडलं त्याला काही अर्थच राहत नाही. मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलं असेल तर पाऊस शून्य."

पहिला आठवडा आम्ही अंदाज बांधले आणि ते पाडले. माझा अंदाज उष्णतेचा होता, म्हणजे ओव्हन फार तापला की आत काहीतरी फैलावतं आणि सुटतं. पण गुरुवारी मी बिस्किटं अगदी मंद आचेवर सुकवत होते तरी तो आला, आणि शुक्रवारी अडीचशे अंशांवर तासभर चालवूनही आला नाही. नवऱ्याचा अंदाज विजेच्या दाबाचा. त्याने एका रविवारी गीझर, इस्त्री, वॉशिंग मशीन, मिक्सर सगळं एकदम लावून घराचा कारखाना करून टाकला. फ्यूज उडाला, ई-तीन आला नाही. ताईंचा लाडका अंदाज आर्द्रतेचा होता. हवेत ओल वाढली की जोडांमध्ये ती शिरत असणार. वहीतल्या आकड्यांनी त्यांनाही साफ तोंडघशी पाडलं. मला वाटलं होतं त्या हिरमुसतील. पण त्या खूश झाल्या. एक दरवाजा बंद झाला, आता तिकडे बघायला नको, असं म्हणून त्यांनी आर्द्रतेच्या रकान्यावर शांतपणे काट मारली.

मलाही आता त्याचा नाद लागला होता. आधी पाव आत गेले की एकच घोर, आज आला तर पावांचं काय. आता अकरा वाजले की मी हात पुसून ओव्हनसमोर येऊन उभी राहत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, ये आता. शेजारणीच्या गॅसवाल्या ओव्हनची सोय मी करून ठेवली होती, त्यामुळे मुलं उपाशी राहणार नव्हती. तेवढी एक काळजी बाजूला केल्यावर बाकी सगळं कोडंच होतं.

तीन आठवड्यांनी वहीत एकवीस ओळी झाल्या, त्यात पाच खुणा. ताई प्रत्येक रकाना वरून खाली वाचत होत्या. मी समोर बसले होते, वही मला उलटी दिसत होती, त्यामुळे आकडे काही वाचता येत नव्हते, फक्त खुणांच्या जागा दिसत होत्या. मध्ये दोन शून्यं, खूण, मग शनिवार-रविवार धरून तीन शून्यं, खूण. मी म्हटलं, ताई, हे वार बघा.

पाचही खुणा सोमवारच्या आणि गुरुवारच्या होत्या. वेळ बघितली तर पाचही अकरा दहा ते साडेअकराच्या मधल्या. एक सोमवार तेवढा कोरा गेला होता.

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "छत्तीस वर्षं मी आकडे लिहिले," त्या म्हणाल्या, "आणि वार बघायचं मला सुचलं नाही. हवेला वार नसतो ना."

म्हणजे हे हवेचं काम नव्हतं. वार फक्त माणसांना असतात. सोमवारी आणि गुरुवारी अकराच्या पुढे कोणीतरी काहीतरी करत होतं, आणि ते आमच्या घरातलं कोणी नव्हतं, कारण त्या वेळी घरात आम्ही दोघीच असतो. नवऱ्याने संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग सोपं आहे, त्या दोन दिवशी पाव दहाला भाज. बरोबरच होतं त्याचं. ओव्हन वाचला असता आणि कोणाला त्रास नव्हता. मी ताईंकडे बघितलं. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली, त्यांचं घर नव्हतं ना, पण त्यांचा चेहरा पडला. आणि मग मीच म्हणाले की वेळ बदलायची ती नंतर बदलू, आधी मला कळलं पाहिजे.

त्या गुरुवारी आम्ही घरातलं सगळं बंद केलं. फ्रिजसुद्धा. फक्त ओव्हन चालू, आत काहीच नाही. दोघी दोन स्टुलांवर बसलो. अकरा वाजले, अकरा पाच झाले. ताईंनी गोळी घेण्यासाठी पाण्याने भरलेला पेला ओट्यावर ठेवला होता. अकरा बारा झाले आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

पेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. आवाज काही नव्हता. मी ओट्यावर तळहात ठेवला तर हाताला अगदी कळत-नकळत झिणझिण्या आल्यासारखं झालं. ताईंनी भिंतीला हात लावला, मग कान लावला. आम्ही एकमेकींकडे बघत असतानाच ओव्हन पीं पीं करून बंद पडला.

आता भिंतीचं सांगायला हवं. आमच्या इमारतीला दोन जिने आहेत. आम्ही एका जिन्याने येतो-जातो, आणि ओव्हन ज्या भिंतीला लागून बसवलाय तिच्या पलीकडचं घर दुसऱ्या जिन्यात येतं. एका हाताच्या अंतरावरचं घर, पण तिथे जायचं तर तीन मजले उतरायचे, इमारतीला वळसा घालायचा आणि परत तीन मजले चढायचे. अकरा वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. त्या दिवशी आम्ही दोघी पाच मिनिटांत तिथे होतो. ताई पुढे, मी मागे, अंगात पिठाचा एप्रन तसाच.

दार एका पांढऱ्या कोटातल्या बाईंनी उघडलं. त्या व्यायाम घेणाऱ्या, फिजिओथेरपीवाल्या. आत खुर्चीवर साठीच्या एक बाई घामाघूम होऊन बसल्या होत्या, उंच, रुंद खांद्यांच्या, डावा हात मांडीवर ठेवलेला. समोर ट्रेडमिल होती आणि तिच्या बाजूला भिंतीत मोठ्या बोल्टांनी बसवलेला लोखंडी कठडा, धरून चालण्यासाठी. कठडा ट्रेडमिललाही पट्टीने जोडलेला होता. मी त्या बोल्टांकडे बघितलं. ते बरोबर माझ्या ओव्हनच्या पाठीत होते.

मी माफी मागून, कुठून सुरुवात करावी याचा विचार करत होते. ताईंनी सरळ विचारलं, "सव्वाअकराच्या सुमाराला तुम्ही काय करता?"

खुर्चीतल्या बाईंनी आधी ट्रेडमिलकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चालते."

हळूहळू सगळं बाहेर आलं. हिवाळ्यात झटका आला, डावी बाजू गेली. आता मुलीकडे राहायला आल्या होत्या. मुलगी दिवसभर कामावर. दोन महिन्यांपूर्वी ट्रेडमिल आणली, तोल जाईल या भीतीने कठडा भिंतीत बसवून घेतला. आठवड्यातून दोनदा फिजिओवाल्या येतात, आधी अर्धा तास हातापायांचे व्यायाम, मग चालणं, जेमतेम सात मिनिटं. मधल्या एका सोमवारी ताप होता म्हणून चालल्या नव्हत्या. हे ऐकून ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली, वहीतलं ते शून्य आता जागेवर बसलं होतं.

त्यांना वाटलं होतं आम्ही आवाजाची तक्रार घेऊन आलोय. ओव्हनचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. कठडा काढून टाकायला सांगते, म्हणाल्या, किंवा वेळ बदलते. आणि मी कबूल करते, एक क्षणभर मला वाटलं, हो म्हणावं. एका शब्दात काम झालं असतं. पण ताई मध्येच म्हणाल्या की कठड्याला हात लावायचा नाही, भिंतीने काही बिघडवलेलं नाही, बिघाड आमच्याकडेच आहे आणि तो कुठे आहे तेवढं आम्हाला कळलेलं नाही.

त्यावर त्या बाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या, उजव्या बाजूने. "बरोबर बोलताय. मी एकतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली. वर केबिनमध्ये बसलं की सगळं खुर्चीतून कळतं. थरथर तर कायमच असते. पण थरथरीने घट्ट बसलेलं काही सुटत नाही, ढिलं असतं तेच बोलायला लागतं. तुमच्या ओव्हनमध्ये एखादा जोड ढिला आहे. तो शोधा."

मग त्या स्वतःवरच हसत म्हणाल्या, आयुष्यभर बसून काम केलं, शंभर फुटांवर बसून, आणि आता या वयात हे लोक चालायला लावतायत.

जिना उतरताना मी ताईंना म्हटलं, क्रेन चालवणारी बाई भिंतीपलीकडे राहते आणि आपल्याला पत्ता नाही. ताई म्हणाल्या, तिलाही आपला पत्ता नव्हता, मात्र पावांचा वास यायचा असं म्हणाली. हे मी ऐकलंच नव्हतं. मी बोल्ट बघत होते.

मेकॅनिकला फोन केला तेव्हा तो आधी वैतागला. भिंत हलते म्हणून बोर्ड जात नसतं, वहिनी. ताईंनी फोन घेतला आणि वहीतल्या तारखा, वेळा, वार, आतलं तापमान, एकेक ओळ वाचून दाखवली. शेवटी तो म्हणाला, सोमवारी साडेदहाला येतो.

सोमवारी त्याने ओव्हन कप्प्यातून पूर्ण बाहेर काढला. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्याची पाठ बघितली. मेन स्विच बंद, मागचा पत्रा उघडलेला, आत रंगीबेरंगी वायरी. ओव्हन त्याने एका मजबूत फळीवर असा ठेवला की त्याची एक बाजू भिंतीला टेकून राहील. सेन्सरची वायर बोर्डाला जिथे जोडलेली असते तिथून ती सोडवून तिची दोन टोकं मीटरला लावली. मीटरवर एक हजार ब्याण्णव आकडा आला. त्याने सांगितलं की खोलीच्या तापमानाला साधारण एवढाच हवा, ओव्हन तापेल तसा तो चढत जातो, आणि वायर कुठे तुटली तर मीटर आकडाच दाखवत नाही. म्हणजे आता फक्त बघायचं.

फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून फिजिओवाल्यांचा आवाज आला, सुरू करतोय. अकरा वाजून तेरा मिनिटं.

एक मिनिट, दोन मिनिटं, आकडा हलला नाही. ब्याण्णव, ब्याण्णव, एकदा त्र्याण्णव. मेकॅनिक माझ्याकडे बघायला लागला होता. चौथ्या मिनिटाला आकडा अचानक नाहीसा झाला आणि लगेच परत आला. मेकॅनिक पुढे वाकला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मग लुकलुकायलाच लागला.

"आहे," तो हळूच म्हणाला. "बोर्ड नाही, वायरीतच आहे."

त्याने वायर बोटांनी चाचपत मागे न्यायला सुरुवात केली. एक जोड दाबून धरला, आकडा लुकलुकतच राहिला. पुढे एक क्लिप होती, ती धरली, तरी लुकलुकतोय. सात मिनिटं झाली. पलीकडून फिजिओवाल्या म्हणाल्या, आता थांबू या.

"सापडलं का?" हा क्रेनवाल्या बाईंचा आवाज, धापा टाकत.

मी सांगितलं, अजून नाही, पण तुम्ही थांबा, गुरुवारी बघू. पलीकडे दोघींचं काहीतरी बोलणं झालं. मग फिजिओवाल्या म्हणाल्या की नाडी ठीक आहे, त्या थांबायला तयार नाहीत, आणखी दोन मिनिटं देते. मशीन बंद झाली नाही. पेल्याची आता गरज नव्हती, मला माझ्या पायांखाली ती चाल जाणवते आहे असं वाटत होतं, एक जड पाऊल आणि त्याच्यामागून एक ओढलेलं. ताई घड्याळ धरून मिनिटं मोजत होत्या. आठ. नऊ.

मेकॅनिकचा हात ओव्हनच्या अगदी तळाच्या कोपऱ्यात गेला, जिथे वायर पत्र्याच्या आड वळते. तिथे एक छोटा पांढरा प्लग होता, समोरून कधी दिसलाच नसता. त्याने तो दोन बोटांत धरला आणि आकडा स्थिर झाला. सोडला, गेला. धरला, आला. त्याने तीनदा तेच केलं, मला वाटतं गरज नसताना, नुसत्या आनंदाने.

"सापडलं," ताई फोनमध्ये म्हणाल्या. "थांबा आता."

दहा मिनिटं आणि चाळीस सेकंद झाली होती. पलीकडे मशीन बंद झाल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ फक्त धाप. मग फिजिओवाल्यांनी सांगितलं की आजवरचं सगळ्यात जास्त सात मिनिटं दहा सेकंद होतं.

प्लगमधली एक पिन आपल्या जागेवरून मागे सरकली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. तिला धरून ठेवणारा बारीक खिळा कारखान्यातच नीट बसला नसावा. नुसती टेकून राहायची, आणि भिंत थरथरली की क्षणभर सुटायची. तेवढा क्षण ओव्हनला पुरायचा. मेकॅनिक प्लग हातात घेऊन म्हणाला, दोनदा याच्या पुढ्यात बसून गेलो आणि तुम्हाला नवा ओव्हन घ्यायला सांगितलं. त्याने तो कापून टाकला, उष्णता सोसणारा चिनीमातीचा जोड बसवला, वायरीला जागोजागी ओढून बघितलं. मी त्याला सांगितलं की समोरून दिसतच नव्हतं तर तुमचा काय दोष. तो म्हणाला, दोष नाही, पण ई-तीन कधी येतो ते मी विचारायला हवं होतं, मी फक्त काय येतं ते विचारलं.

गुरुवारी ई-तीन आला नाही. मी नाचायच्या बेतात होते, पण ताईंनी एका दिवसाला मोजायला नकार दिला. लागोपाठ चार सोमवार आणि चार गुरुवार शून्य लागले तेव्हा कुठे त्यांनी वहीच्या खाली रेघ मारली.

त्या दिवशी आम्ही दोघी ओट्याशी चहा घेत होतो. मी त्यांना विचारलं की छत्तीस वर्षं लिहिलेलं ते सगळं कोणी वाचलं तरी का. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, माहीत नाही. एकदा कोणीतरी पूल बांधणारे आले होते, वाऱ्याचे आकडे मागायला. पंधरा वर्षांचे आकडे घेऊन गेले. पुलावरून गेलं की कधीकधी वाटतं, यात माझ्या काही रात्री आहेत. मग त्यांनी मला विचारलं की कणीक ओल्या फडक्यानेच का झाकतात, आणि या वेळी मी त्यांना नीट सांगितलं, वरचा थर कसा सुकतो, सुकला की पाव वर यायला कसा अडतो, सगळं. त्यांनी आणखी सहा प्रश्न विचारले. त्यांतल्या दोनांचं उत्तर मलाही येत नव्हतं.

आता सोमवारी आणि गुरुवारी ताई वळसा घालून पलीकडे जातात, बरोबर चार पाव असतात. क्रेनवाल्या बाई अठरा मिनिटांवर आल्या आहेत. त्यांनी एकदा केबिनमधून खालची माणसं कशी दिसतात ते सांगितलं, आणि मला ते काही केल्या नीट डोळ्यांसमोर येईना. शंभर फूट म्हणजे किती, कंटेनरचा डबा खाली ठेवताना तो झुलायचा कसा थांबवायचा, एकटीला भीती नाही वाटायची का, मी विचारतच सुटले. शेवटी त्या म्हणाल्या, सांगून नाही कळायचं, चला दाखवते.

एका शनिवारी आम्ही तिघी टॅक्सीने बंदराच्या रस्त्याला गेलो. आत सोडत नाहीत, पण कुंपणाच्या बाहेर एक बाक आहे, तिथून धक्का दिसतो. त्या काठी टेकत, ताईंचा दंड धरून, टॅक्सीपासून बाकापर्यंत चालत आल्या. समोर चार क्रेन उभ्या होत्या, लाल रंगाच्या, आणि प्रत्येकीच्या पोटाखाली एक काचेची खोली, आमच्या ओव्हनपेक्षा जरा मोठी वाटावी एवढीच. मी म्हटलं, त्यात तुम्ही बसायच्या? त्या म्हणाल्या, आठ तास.

मग त्यांनी उजव्या हाताने दुसऱ्या क्रेनकडे बोट दाखवलं. एक डबा दोरांना लटकून जहाजावरून धक्क्याकडे येत होता आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलत होता. आत कोण आहे ते मला ओळखू येतंय, त्या म्हणाल्या, माझ्याच हाताखाली शिकलीय ती, ही कधी झुलणं थांबायची वाट बघत नाही, डब्याच्या पाठोपाठ क्रेन नेते आणि त्याला गाठते.

"आता बघा," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या झोक्याला."

आम्ही तिघी बघत राहिलो. एक झोका गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला वरची खोली किंचित पुढे सरकली, आणि तो एवढा मोठा लोखंडी डबा हवेत जागच्या जागी उभा राहिला.